झिजलेले दात : काढावे, कोरावे की बांधावे?

आपल्या ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी काही अभ्यासपूर्ण लिहून द्यावे, अशी कार्यवाहांची सूचना आली. आम्ही हायस्कुलात शास्त्र शिकवतो; आम्ही वैद्य नव्हे. तेव्हा दातांसारख्या विषयावर आम्ही लेखणी का उचलावी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे साहजिक आहे. त्याचे उत्तर दोन तोंडांत आहे. एक आमच्या अम्मांचे, दुसरे आमचे स्वतःचे.

अम्मांनी उमेदीची वर्षे निपाणीकडे तंबाखूच्या वखारीत काढली. त्या भागातील कितीतरी बायकांप्रमाणे सकाळ-संध्याकाळ मशेरी लावण्याची त्यांना सवय होती. पन्नाशी गाठेपर्यंत त्यांचे दात झिजून हिरडीच्या वर जेमतेम दिसतील इतके उरले. २००४ साली एका शिबिरात त्यांना नेले. दात पाहून डॉक्टरांनी दोन मिनिटांत निकाल दिला, की सगळे काढावे आणि कवळी बसवावी. ते शिबिर कोणाचे होते, हे सांगण्याचे प्रयोजन नाही; भरवणाऱ्यांचा हेतू चांगलाच होता. चार खेपांत दात निघाले. कवळी मात्र अम्मांना कधी मानवली नाही. ती पेल्यातल्या पाण्यातच राहिली आणि अम्मांनी अखेरपर्यंत भाकरी कालवणात कुस्करून खाल्ली. आम्ही त्या वेळी नुकतेच नोकरीला लागलो होतो. शास्त्राचे पदवीधर असूनही एक साधा प्रश्न विचारावा, हे आम्हाला सुचले नाही : हे दात किडलेले नाहीत, हलत नाहीत, मग ते काढायचे कशासाठी?

पुढे तीच पाळी आमच्यावर आली, तेव्हा तो प्रश्न आम्ही विचारला. उत्तर शोधता शोधता जे समजले, ते आपल्या माणसांच्या उपयोगी पडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

दाताची घडण

दाताचा जो भाग आपल्याला दिसतो, त्यावर दंतवल्काचे आवरण असते. डॉक्टर त्याला एनॅमल म्हणतात. मानवी शरीरातील हा सर्वांत कठीण पदार्थ. वजनाने सुमारे ९६ टक्के भाग खनिजाचा असतो. दाढेच्या उंचवट्यावर हे आवरण दोन-अडीच मिलिमीटर जाड असते. हिरडीजवळ ते अगदी पातळ होते. त्याच्या खाली दंतिन असते. ते पिवळसर व पुष्कळच मऊ असून त्यात अतिसूक्ष्म नळ्या असतात. दंतिनाच्या पोटात मगज, म्हणजे रक्तवाहिन्या व शिरा.

येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. मोडलेले हाड सांधते, कापलेली कातडी भरून येते. पण दंतवल्क एकदा गेले की पुन्हा उगवत नाही. ते तयार करणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येतानाच नाहीशा होतात. जन्मभराची शिदोरी सुरुवातीलाच हाती पडते. पुढे केवळ खर्च, जमा नाही.

हा खर्च निरोगी माणसाच्या दातातही थोडाफार होतच असतो. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोजणीनुसार समोरासमोर चावणाऱ्या दाढांचे दंतवल्क वर्षाला सुमारे ०.०२९ मिलिमीटर झिजते. विद्यार्थ्याला गणित घातले तर तो सांगेल, की १ मिलिमीटर झिजायला साधारण ३५ वर्षे लागतील. म्हणजे साठ-सत्तर वर्षे पुरेल इतकी ही शिदोरी आहे. कोणाचे दात चाळिशीतच निम्मे झाले असतील, तर तो वयाचा दोष नव्हे. कोठेतरी गळती आहे.

गळती कोठे आहे?

झिजेची कारणे तीन प्रकारची. पहिले कारण घासणे. मशेरी, कोळसा, राखुंडी, विटेची पूड, खरखरीत दंतमंजन किंवा ताठ केसांचा ब्रश जोराने आडवा फिरवणे, या सर्वांनी दात अक्षरशः कानशीने घासल्याप्रमाणे झिजतो. आमच्या घरी मिसवाक होते, शेजारी कडुनिंबाची काडी होती. काडीचे टोक चावून मऊ करून हलक्या हाताने फिरवणे वेगळे आणि मशेरीचे बोट दाबून फिरवणे वेगळे, हा फरक कोणी समजावून दिला नाही.

दुसरे कारण दातावर दात घासणे. पुष्कळ माणसे झोपेत दात खातात. स्वतःला त्याचा पत्ता नसतो. घरच्यांची मात्र झोपमोड होते. सतत सुपारी चघळणाऱ्यांच्या दाढाही अशाच सपाट होतात.

तिसरे कारण आम्ल, आणि हे सर्वांत चोरपावलांचे. आंबट खाल्ल्यावर दात आंबतात, हे आपली भाषाही जाणते. तोंडातील आम्लता साडेपाच पीएचच्या खाली उतरली की दंतवल्कातील खनिज विरघळू लागते. कोलासारख्या पेयाचा पीएच अडीचच्या आसपास असतो, लिंबाच्या रसाचाही तितकाच. जुने आम्लपित्त असेल, तर पोटातले आम्ल रात्री तोंडापर्यंत येते आणि वरच्या पुढच्या दातांची आतली बाजू खाते. तेथे आरशात कोणी पाहत नाही, म्हणून हे नुकसान वर्षानुवर्षे लपून राहते.

आम्ही वर्गात एक सोपा प्रयोग करतो. अंड्याचे कवच लिंबाच्या रसात रात्रभर ठेवतो. सकाळी ते मऊ पडलेले असते. कवचाचे द्रव्य आणि दंतवल्काचे द्रव्य एक नव्हे, हे मुलांना सांगतोच. पण आम्ल कसे काम करते ते मुले विसरत नाहीत. त्या दिवशी शाळेबाहेरच्या दुकानात थंड पेयाच्या बाटल्या थोड्या कमी खपतात, असा आमचा अनुभव आहे.

बहुतेकांच्या तोंडात ही कारणे एकटी नसतात. आम्लाने मऊ झालेला दात घासण्याने अधिक वेगाने जातो. म्हणूनच उपचाराची पहिली पायरी म्हणजे कारण शोधणे. गळती न थांबवता हौदात पाणी भरण्यात अर्थ नाही.

कॅपचा हिशेब

झीज थांबली, तरी गेलेला दात परत कसा आणावयाचा? वर्षानुवर्षे याचे उत्तर कॅप हेच होते. कॅप म्हणजे दातावर बसवायची टोपी, धातूची किंवा चिनी मातीसारख्या द्रव्याची. पण टोपी बसवायची तर तिच्या जाडीइतका दात चहूबाजूंनी कोरावा लागतो. एडेलहॉफ आणि सोरेन्सन या संशोधकांनी २००२ साली याचे मोजमाप प्रसिद्ध केले. पुढच्या दाताला पूर्ण कॅप बसवताना दाताच्या दिसणाऱ्या भागापैकी ६३ ते ७२ टक्के द्रव्य कोरून टाकले जाते, असे त्यांना आढळले.

आता विचार करा. दात आधीच निम्मा झिजलेला. उरलेल्या निम्म्यातून पुन्हा मोठा वाटा कोरायचा. मग मगज उघडा पडतो, रूट कॅनल करावे लागते, आधारासाठी आत खिळा बसवावा लागतो आणि खर्च चढत जातो. कॅप वाईट असे आमचे म्हणणे नाही. ज्या दातात आधीच मोठे फिलिंग आहे, जो तडकलेला आहे किंवा ज्याचे रूट कॅनल झाले आहे, त्याला ती वाचवतेही. परंतु केवळ झिजलेल्या, बाकी धडधाकट दाताला सरसकट तोच उपाय लावणे म्हणजे गळक्या कौलासाठी घर पाडण्यासारखे आहे.

थर चढवण्याची विद्या

जुन्या गुळगुळीत भिंतीवर नवा गिलावा धरत नाही. म्हणून गवंडी आधी छिन्नीने भिंत खरबरीत करून घेतो. दाताच्या बाबतीत हीच युक्ती अमेरिकेतील मायकेल ब्युओनोकोर यांनी १९५५ साली दाखवली. धातूवर रंग पक्का बसावा म्हणून कारखान्यांत फॉस्फरिक आम्ल वापरतात, हे पाहून त्यांनी ते आम्ल ३० सेकंद दंतवल्कावर लावले. आम्लाने सूक्ष्म खळगे पडले आणि वर लावलेले रेझिन त्या खळग्यांत शिरून घट्ट बसले. जे आम्ल चुकीच्या जागी, चुकीच्या वेळी दात खाते, तेच मोजून-मापून लावले की दात वाचवते.

पुढे राफेल बोवेन यांनी रेझिन व काचसदृश बारीक पूड यांचे मिश्रण तयार केले. त्याचे पेटंट १९६२ सालचे. आज ज्याला डॉक्टर कॉम्पोझिट म्हणतात आणि आपण दाताच्या रंगाचे सिमेंट म्हणतो, ते याच वंशातले. ते लोण्यासारखे लावावयाचे आणि निळ्या प्रकाशाखाली काही सेकंद धरावयाचे, की कठीण होते. दात कोरावा लागत नाही. बहुधा इंजेक्शनही लागत नाही. जे गेले तेवढेच वर चढवायचे.

याहून स्वस्त असे ग्लास आयनोमर नावाचे सिमेंट आहे. लंडनच्या सरकारी प्रयोगशाळेत ॲलन विल्सन व ब्रायन केंट यांनी ते शोधले. त्याची प्रसिद्धी १९७० च्या सुमाराची. ते दाताला रासायनिक रीतीने चिकटते व फ्लोराइड सोडते. १९८० च्या दशकात टांझानियात, जेथे वीज नाही तेथे, नुसत्या हातातल्या हत्यारांनी कीड खरवडून हे सिमेंट भरण्याची पद्धत बसवली गेली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली ग्लास आयनोमरचा व २०२३ साली कॉम्पोझिटचा अत्यावश्यक औषधांच्या यादीत समावेश केला, यावरून त्यांचे महत्त्व कळावे. मात्र ग्लास आयनोमर चावण्याच्या जोरापुढे लवकर झिजते. हिरडीजवळच्या खाचा भरायला ते उत्तम. दाताची उंची वाढवायची असेल तर कॉम्पोझिटच हवे.

जागेचे कोडे

येथे एक अडचण उभी राहते. दात झिजतो तसतसा तो हाडासकट हळूहळू पुढे सरकतो आणि समोरच्या दाताशी भिडलेलाच राहतो. चावता यावे म्हणून निसर्गाने केलेली ही सोय. परिणामी, दात आखूड झाला तरी त्यावर थर चढवायला जागाच उरत नाही. जागा करायची म्हणून पूर्वी पुन्हा कोरकामच केले जाई.

हे कोडे नॉर्वेतील ब्यॉर्न डाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ साली सोडवले. अठरा वर्षांच्या एका रुग्णाच्या पुढच्या वरच्या दातांमागे त्यांनी धातूची पट्टी बसवली. तोंड मिटले की फक्त पुढचे दात टेकत; दाढा अधांतरी राहत. काही महिन्यांत दाढा आपोआप सरकून पुन्हा एकमेकींना भिडल्या, पुढचे दात किंचित आत दबले, आणि थर चढवण्यासाठी आयती जागा मिळाली. दात न कोरता जागा! आता निराळी पट्टीही लागत नाही. कॉम्पोझिटचे थर थेट पुढच्या दातांवर थोडे उंच चढवतात आणि दाढांना सरकायला वेळ देतात. ज्यांच्या हिरड्यांना जुना रोग आहे, जबड्याच्या सांध्यात दुखते, हाडांच्या ठिसूळपणावर विशिष्ट औषधे चालू आहेत किंवा तोंडात इम्प्लांट आहेत, त्यांच्याबाबत मात्र डॉक्टरांनी फार जपून निर्णय घ्यावयाचा असतो.

आमच्या तोंडातील प्रयोग

२०२१ साली आमचे वरचे पुढचे सहा दात धारेसारखे पातळ झाल्याचे आमच्या ध्यानात आले. थंड पाण्याने कळ जाई, कडा तुटत. एका दवाखान्यात आम्हाला बारा दातांचे रूट कॅनल व कॅप असा बेत सांगण्यात आला. अंदाज आमच्या पाच महिन्यांच्या पगाराइतका होता. त्या रात्री पेल्यातली अम्मांची कवळी आमच्या डोळ्यांसमोरून हलेना.

बेळगावच्या एका दंतमहाविद्यालयातील प्राध्यापिकांना आम्ही तोंड दाखवले आणि २००४ साली न विचारलेला प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, “सर, तुमचे दात आधीच कमी झाले आहेत. ते आणखी कमी करून कसे वाढतील?”

त्यांनी आधी कारण शोधले. आमच्या कुटुंबाने सांगितले, की आम्ही रात्री करकर दात खातो. आम्लपित्त तर जुनेच. त्यावर पोटाच्या डॉक्टरांकडून उपचार सुरू झाले. मग दातांचे माप घेऊन प्लॅस्टरचा नमुना झाला, त्यावर मेणाने दात पूर्ववत घडवले गेले, आणि त्या मेणाच्या दातांवरून पारदर्शक साचा तयार झाला. दोन बैठकांत साच्याच्या मदतीने सहा दातांवर थर चढले. सुई टोचावी लागली नाही, मशीनने दात कोरला नाही. खर्च एका महिन्याच्या पगाराच्या निम्म्याहून कमी आला.

पुढचे दिवस सोपे होते असे नाही. दाढा टेकत नव्हत्या, त्यामुळे भाकरी पुन्हा कुस्करून खावी लागली. ‘स’ नीट उमटेना, आणि सातवीतल्या मुलांना हजेरीच्या वेळी हसू आवरेना. पण दोन आठवड्यांत जीभ सरावली. अधूनमधून आम्ही वहीच्या कागदाची पट्टी दाढांत धरून ओढून पाहत असू. ती सहज निसटे. सातव्या महिन्यात एके सकाळी ती निसटली नाही. शाळेत इतकी वर्षे प्रयोग शिकवले. पण निकालाने डोळ्यांत पाणी आणलेला प्रयोग हा एकच.

तेव्हापासून रात्री झोपताना आम्ही दातांवर प्लॅस्टिकचे कवच बसवतो. २०२४ साली शेंगदाण्याची चिक्की खाताना एका थराचा कोपरा उडाला. अर्ध्या तासात तो पुन्हा बांधून मिळाला.

हे किती टिकते?

खरे तेच सांगितले पाहिजे. २००० साली लंडनमधून प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत १६ रुग्णांच्या १०४ थरांपैकी ९३ थर सरासरी ३० महिन्यांनंतर काम देत होते. तेथीलच २०११ सालच्या दहा वर्षांच्या पाहणीत मात्र निम्मे थर सहा वर्षांच्या आत लहान-मोठ्या दुरुस्तीला आले. म्हणजे हे काम जन्माचे नव्हे. कोपरे उडतात, रंग काळवंडतो, चहा-पान फार असेल तर लवकरच.

मग फायदा काय? फायदा असा, की थर मोडला तरी खालचा दात शाबूत असतो. पुन्हा थर चढवता येतो. कॅप फसली तर कधी कधी दातही तिच्याबरोबर जातो. काढलेला दात तर कायमचाच जातो. कौलारू घराची दरसाल डागडुजी करावी लागते म्हणून कोणी ते पाडून तंबूत राहायला जात नाही. २०१७ साली युरोपातील तज्ज्ञांनी एकत्र बसून झिजलेल्या दातांबद्दल जे निवेदन काढले, त्याचाही मथितार्थ हाच : शक्य तितके दात राखावे, कोरण्यापेक्षा चढवावे, आणि घाई करू नये.

घरी करावयाचे ते थोडक्यात असे. मशेरी व सुपारी सोडावी. सुपारीला तर २००४ सालीच कर्करोगकारक ठरवण्यात आले आहे, आणि मशेरी ही जाळलेली तंबाखूच होय. तोंडात पांढरा वा लाल चट्टा दिसल्यास थांबू नये. आंबट पेय तोंडात घोळवू नये. आंबट खाल्ल्यावर किंवा उलटी झाल्यावर लगेच ब्रश न करता साध्या पाण्याने चूळ भरावी. ब्रश मऊ असावा, पेस्ट फ्लोराइडची असावी. आणि दात काढावा असे कोणी म्हटले, तर “का?” असे नम्रपणे विचारावे.

ट्रस्टपुढे एक सूचना

पन्नास वर्षांत आपल्या ट्रस्टने मुलांना वह्या दिल्या, शिष्यवृत्त्या दिल्या, डोळ्यांची शिबिरे भरवली. आम्हीही त्या वह्यांवर शिकलो. तेव्हा हे मागणे हक्काचे आहे. पुढील काळात दातांचे शिबिर भरवावयाचे झाल्यास ते दात काढण्याचे नसावे, दात राखण्याचे असावे. कीड आणि झीज वेगवेगळी लिहिणारी एक साधी नोंदवही ठेवावी. झिजलेल्या दातांचे जे रुग्ण सापडतील, त्यांना चिठ्ठी देऊन दंतमहाविद्यालयात पाठवावे. तेथे विद्यार्थ्यांना शिकायला मिळते व रुग्णाचा खर्च बेताचा राहतो. १९२० साली कलकत्त्यात डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी देशातील पहिले दंतमहाविद्यालय काढले, तेव्हापासून हा मार्ग मोकळा आहे. आपण त्याचा पुरता उपयोग करीत नाही, एवढेच. सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे निधीचा काही भाग दुरुस्तीसाठी राखून ठेवावा. पहिल्यांदा थर चढवायला मदत मिळाली आणि दोन वर्षांनी कोपरा उडाल्यावर कोणी विचारले नाही, तर गरीब माणूस पुन्हा दात काढण्याच्या शिबिराकडेच वळेल. आणि विडी-तंबाखूच्या कामावरच्या बायकांपर्यंत मशेरीची ही गोष्ट त्यांच्याच वस्तीत जाऊन सांगावी. त्या शिबिराला येतात तेव्हा फार उशीर झालेला असतो.

दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत, असे आपल्याकडे म्हणतात. चण्यांची सोय ट्रस्टने पन्नास वर्षे केली. आता दातांकडेही पाहावे. आमच्या अम्मांसाठी हे लिहिणे उशिराचे आहे. पण ही स्मरणिका ज्या घरांत जाईल, त्यांपैकी एखाद्या घरात आजही कोणी आई भाकरी कुस्करू लागली असेल. तिचे दात हलत नसतील, किडलेले नसतील, नुसते झिजले असतील, तर घरातल्या शिकलेल्या मुलाने किंवा मुलीने आमच्यासारखे गप्प बसू नये, हीच विनंती.